फ्रेम ‘काबीज’ करायची की टिपायची?

प्रश्न असा आला आहे: “टीसीपीडंप वापरून रॉ ईथरनेट फ्रेम कॅप्चर कशा करायच्या, यावर मराठीत लिहीत होतो. शीर्षक दिलं, ‘कच्च्या ईथरनेट चौकटी काबीज करणे’. ज्यांना दाखवलं ते सगळे हसले. चुकलं कुठे?”

टीसीपीडंप म्हणजे नेटवर्कवरून येणारी-जाणारी माहिती दाखवणारं अवजार, आणि फ्रेम म्हणजे ईथरनेटवरून एका वेळी जाणारा माहितीचा गठ्ठा. चुकलं असं की तिन्ही शब्द कोशातून उचलले आणि टर्मिनलवर खरोखर काय घडतं ते बाजूला राहिलं.

‘काबीज’ आधी घेऊ. किल्ला काबीज केला की तो आधीच्या धन्याचा राहत नाही. चोर पकडला की त्याचं पुढे जाणं थांबतं. टीसीपीडंप चालू असताना फ्रेम मात्र आपल्या वाटेने जातच राहते; कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिची एक प्रत काढून या अवजाराच्या हाती ठेवतो, इतकंच. पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही, घेणाऱ्याचं काही अडत नाही. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे, टिपणे. कॅमेऱ्याने पक्षी टिपला तरी पक्षी उडून जातोच. शिकाऱ्याने टिपला तर जात नाही, हे कबूल. पाखराने टिपलेला दाणाही मागे उरत नाही. पण ‘टिपण’, ‘टिपून घे’ यांतला नोंदीचा अर्थ आज इतका ठळक आहे की इथे घोटाळा होणार नाही. बोलताना मीही ‘जरा पॅकेट पकडून बघ’ म्हणतो. लिहिताना टिपणेच.

‘कच्च्या’ हा शब्द मला जास्त खटकला. मराठीत कच्चं म्हणजे जे अजून पक्कं व्हायचं आहे: कच्चा खर्डा, कच्ची पावती, गणितात कच्चा. फ्रेम तर पुरती तयार होऊनच निघालेली असते, तिच्यात पिकायचं काही राहिलेलं नाही. इथे रॉ म्हणजे न सोललेली. टीसीपीडंप एरवी पडद्यावर सोललेला गर दाखवतं: कुठल्या आयपी पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर, कोणता पोर्ट, किती लांबी. आज्ञेला ‘-ई’ जोडलं की ईथरनेटचं शीर्षकही (हेडर, फ्रेमच्या सुरुवातीचे बाइट) ओळीत येतं. लहान लिपीतला एक्स दोनदा दिला, ‘-एक्सएक्स’, की त्या शीर्षकासकट सगळे बाइट सोळा-आधारी अंकांत समोर येतात. पहिले ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता), पुढचे ६ पाठवणाऱ्याचा, मग २ बाइट आत काय आहे ते सांगणारे. ०८०० असेल तर आयपीव्ही४, ०८०६ असेल तर एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारा प्रोटोकॉल. आणि ‘-डब्ल्यू’ने फाइलमध्ये उतरवलं तर कसलीही उकल न करता बाइट तसेच्या तसे जातात. म्हणून माझ्या मते बोलताना ‘सालासकट’ आणि लिहिताना ‘मूळ रूपात’.

खरं तर ‘मूळ रूपात’ हेही शंभर नंबरी नाही. तारेवर फ्रेमच्या आधी ८ बाइटची नांदी (प्रीअँबल) येते आणि शेवटी चुका ओळखण्यासाठीचे ४ बाइट येतात. नांदी नेटवर्क कार्डच गिळून टाकतं, शेवटचे ४ बाइटही बहुधा तिथेच जिरतात. शिवाय फ्रेम किमान ६४ बाइटची असायला हवी, तरी आपल्याच यंत्रातून निघालेली एआरपी फ्रेम टिपली तर ती ४२ बाइटचीच दिसते. भर घालून लांबी पुरी करण्याचं काम पुढे होतं, टिपण त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. सालीचा सगळ्यात वरचा पापुद्रा आपल्या हाती लागतच नाही म्हणा.

‘चौकट’ म्हटलं की दाराची कड दिसते, आत काही असो वा नसो. ईथरनेटची फ्रेम मात्र आतल्या मजकुरासकट फ्रेम असते. चष्म्याने आणि फोटोने हा शब्द कधीच मराठी करून टाकला आहे, तो राहू द्या. फक्त अनेकवचनी ‘फ्रेम्स’ नको; एक फ्रेम, दहा फ्रेम.

तर शीर्षक: ‘टीसीपीडंपने ईथरनेट फ्रेम मूळ रूपात टिपणे’.

न विचारलेलं एक सांगतो, कारण पुढे ठेच तिथेच लागेल. कंट्रोल-सी दाबून टिपण थांबवलं की टीसीपीडंप हिशेब देतं: किती टिपली, फिल्टरकडे किती आली, कर्नलकडून किती ड्रॉप झाली. (या हिशेबात ते स्वतः फ्रेम न म्हणता पॅकेट म्हणतं, तो वाद निराळा.) फिल्टरला ‘गाळणी’ चांगला शब्द आहे. पण मग ड्रॉप झालेल्यांना ‘गाळलेली’ म्हणू नका. गाळलेलं पाणी म्हणजे गाळणीतून उतरलेलं, आपण ठेवलेलं. गाळलेली जागा म्हणजे मुळात नसलेली. एकाच वाक्यात दोन्ही आले तर पॅकेट हाती आली की गेली, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. तिथे ‘निसटलेली’ लिहा.