पाकिटावर वनौषधी, आत रसायन

मुलाच्या कोटाच्या खिशात सुक्या पाल्याचे चकचकीत पाकीट सापडल्याचे इंग्लंडहून एका आईने कळवले आहे. ‘नुसता झाडपाला आहे, गांजासुद्धा नाही,’ असे मुलगा म्हणतो, आणि घरी केलेल्या लघवीच्या तपासणीत काहीच न निघाल्याने त्यांनाही ते पटू लागले आहे. ताई, कृपया यावर विसंबू नका.

तो पाला निमित्तमात्र असतो. गांजाच्या नशेची नक्कल करणारे, ‘स्पाइस’ नावाने ओळखले जाणारे, प्रयोगशाळेत बनवलेले रसायन ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवून पाल्यावर फवारतात आणि वाळवतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एकाच पाकिटातल्या एका चिमटीने काही होत नाही आणि दुसरीने माणूस कोसळतो. गांजाची नेहमीची तपासणी टीएचसीचे, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचे, अंश शोधते. या रसायनांची घडण वेगळी असल्याने ती तिच्या हाती लागत नाहीत.

आपल्या मेंदूत चेतापेशींच्या टोकांवर सीबी-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू बसला की चालू होणारी जणू कुलपे, असतात आणि त्यांच्यासाठी शरीर स्वतःच रेणू तयार करते. त्यांतल्या एकाला १९९२ साली जेरुसलेमच्या संशोधकांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाइड असे नाव दिले. हा रेणू गरजेपुरता तयार होतो, पेशींमधले संदेश थोडे आवरतो आणि लगेच मोडला जातो. टीएचसी त्याच रिसेप्टरवर बसतो, पण त्याला अर्धवटच जागे करतो. उलट पाल्यावर फवारल्या जाणाऱ्यांपैकी जेडब्ल्यूएच-०१८ हे रसायन, जे अमेरिकेत जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत केवळ संशोधनासाठी तयार झाले आणि २००८ साली जर्मनीत अशाच पाकिटांत सापडले, ते त्या रिसेप्टरला पूर्ण ताकदीने चालू करते. नंतर आलेली त्याची काही भावंडे तर त्याहून जहाल आहेत. धडधड, उलट्या, भ्रम, झटके हे सारे त्यातूनच उद्भवते.

ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने या रसायनांची उघड विक्री थांबली, तरी बाथ विद्यापीठाने २०२४ मध्ये शाळांतून जप्त झालेले व्हेप (ई-सिगारेट) तपासले तेव्हा साधारण सहांपैकी एकात हीच रसायने निघाली. तेव्हा केवळ पाकिटावर नजर ठेवून भागणार नाही.

मुलगा बरळू लागला, झटके आले किंवा हाकेला ओ देईना, तर त्याला कुशीवर वळवून लगेच ९९९ ला फोन करा आणि पाकीट रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या हाती द्या. यावर नेमका उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार होतात, म्हणून लाजेपोटी काहीही लपवू नका. मित्र कोसळला तर पळून न जाता मदत बोलवायची आणि त्याबद्दल घरी कोणी रागावणार नाही, हे मुलाला आज रात्री जेवतानाच सांगा.