जागतिक आरोग्य संघटनेला कुणावर सक्ती करता येत नसेल, तर तिच्या नियमांना अर्थ काय?

तुम्ही विचारलंय, की माहिती लपवणाऱ्या देशाला ही संघटना साधा दंडही करू शकत नाही, मग हे करार आणि नियमावल्या हव्यात कशाला? मी सार्वजनिक आरोग्य शिकवतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं मत असं, की दंडाचा अधिकार नाही ही मुख्य अडचण नव्हे. साथीची खबर जो देश वेळेवर देतो त्यालाच पहिला फटका बसतो, ही खरी अडचण आहे.

नोव्हेंबर 2021 मधली गोष्ट घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये कोविडच्या काही पीसीआर चाचण्यांचे निकाल वेगळेच दिसायला लागले. ती चाचणी विषाणूची तीन जनुकं शोधते. दोन सापडत होती, तिसरं, ‘एस’ नावाचं, सापडतच नव्हतं. तिथल्या लोकांनी ते मशीनचा दोष म्हणून सोडून दिलं नाही. नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासला, तेव्हा इतके बदल दिसले की त्यांनी 24 नोव्हेंबरला संघटनेला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या जगाला सांगितलं. 26 तारखेला विषाणूच्या त्या नव्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव मिळालं. पण त्याच्या आदल्या संध्याकाळीच ब्रिटनने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या सहा देशांवर प्रवासबंदी जाहीर केली होती, आणि पाठोपाठ इतरांनीही दारं लावून घेतली. तपासणीला लागणारी रसायनंसुद्धा विमानानेच येतात. ती संपतील की काय, ही चिंता तिथल्या शास्त्रज्ञांना लागली. पुढे नेदरलँड्समध्ये 19 आणि 23 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांत हाच प्रकार निघाला. म्हणजे बंदी घातली तेव्हा विषाणू युरोपात पोचलेला होता. मला आजही याचा राग येतो.

2007 पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 196 देशांवर बंधनकारक आहे. धोका ओळखला की 24 तासांत कळवायचं, असं ती सांगते. शिफारशींपलीकडे जाऊन प्रवास किंवा व्यापार अडवणाऱ्या देशाने 48 तासांत त्याचं आरोग्यविषयक कारण द्यायचं, असंही सांगते. पहिल्या नियमाबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याची आठवण फारशी कुणाला नसते.

ही नियमावली आत्ताच्या रूपात आली ती सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीमुळे. फेब्रुवारी 2003 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले. त्यांच्यापासून लागण झालेल्या पाहुण्यांबरोबर तो आजार हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला गेला. चीनमध्ये साथ आधीपासून होती, बाहेर नीट कळवलेलं नव्हतं. आठ हजारांवर लोक आजारी पडले, 774 दगावले. म्हणून नव्या नियमावलीत एक सोय केली गेली: सरकारने कळवलं नाही तरी बातम्या, डॉक्टर अशा इतर मार्गांनी आलेल्या माहितीवरून संघटना त्या देशाला थेट खुलासा मागू शकते. दंडाची तरतूद नसली तरी, ‘आम्हाला कळलंय, बोला’ असं अधिकृतपणे विचारता येणं ही लहान गोष्ट नाही.

आणि सक्ती नसताना काय होऊ शकतं, तेही सार्सनेच दाखवलं. संघटनेने मार्च 2003 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या 11 प्रयोगशाळा जोडल्या, त्यांनी निष्कर्ष आपापसांत खुले केले, आणि महिन्याभरात विषाणू निश्चित झाला. देवीच्या निर्मूलनात तर शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकत्र होते.

आता नवा महामारी करार. तो 20 मे 2025 ला जागतिक आरोग्य सभेत मंजूर झाला. टाळेबंदी किंवा लसीकरण लादण्याचा अधिकार यातून संघटनेला मिळत नाही, हे त्याच्या मजकुरातच लिहिलेलं आहे, त्यामुळे सार्वभौमत्व गेलं ही भीती बाळगू नका. लक्ष ठेवायचं ते विषाणूंचे नमुने आणि त्यांतून मिळणारे लसींसारखे लाभ यांच्या वाटपाच्या परिशिष्टावर. इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूचे नमुने द्यायला नकार दिला होता, कारण त्यांतून बनणारी लस त्यांच्याच लोकांना परवडणार नव्हती. मला ती तक्रार रास्त वाटते. नव्या करारात, सहभागी कंपन्यांनी महामारीच्या काळात उत्पादनाचा 20 टक्के हिस्सा संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यात एकूण उत्पादनाचा किमान 10 टक्के दान म्हणून, असं लक्ष्य आहे. ते परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुलाच होत नाही, आणि त्यानंतरही तो लागू व्हायला 60 देशांची मान्यता लागते.