नीतीचा पेपर की आणखी एक मशीन लर्निंग?

प्रश्न : मॅडम, मी डेटा सायन्सच्या एम.एस्सी.ला आहे. पुढच्या सत्रात 'डेटाची नीती आणि सामाजिक संदर्भ' किंवा 'प्रगत मशीन लर्निंग' यांपैकी एकच विषय घेता येतो. सीनियर म्हणतात, नीतीचा पेपर म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास; गणित शून्य, मार्क भरपूर. काय घेऊ?

उत्तर : मार्कांसाठी घेणार असशील तर घेऊ नकोस. 'गणित शून्य' मात्र मला मान्य नाही.

आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचे गुण देणारी 'कॉम्पास' नावाची प्रणाली अमेरिकेत वापरतात. पुढे ज्यांनी गुन्हा केलाच नाही, त्यांच्यातल्या कृष्णवर्णीयांवर 'जास्त धोका' हा शिक्का गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात बसला होता, असं २०१६ मध्ये 'प्रोपब्लिका' या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी दाखवलं. ती बनवणारी कंपनी म्हणाली, सारखे गुण मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आहे. गंमत अशी की आकडेमोड दोघांचीही बरोबर होती. दोन गटांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि भाकीत शंभर टक्के अचूक नसेल, तर कंपनीचा निकष पाळून दोन्ही प्रकारच्या चुका (गुन्हा न करणाऱ्याला धोकादायक ठरवणं आणि करणाऱ्याला सुरक्षित ठरवणं) दोन्ही गटांत सारख्या ठेवताच येत नाहीत. कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे बरोबर आणि चुकलेल्या भाकितांचा तक्ता, मांडून बघ, अर्ध्या पानात सिद्ध होतं. मग कोणता निकष धरायचा? इथे गणित हात वर करतं. शिवाय डेटातल्या रकान्यातला 'गुन्हा' म्हणजे पोलिसांकडे नोंद झालेला गुन्हा. नोंद कुणाची जास्त होते, हा प्रश्न त्याच्याही मागे उभाच असतो.

माझ्या वर्गात मी सर्वांत जास्त वेळ देते तो रुग्णालयांच्या उदाहरणाला. कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष द्यायला हवं, हे ठरवणाऱ्या एका प्रणालीची तपासणी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. वंशाचा रकाना तिला दिलेलाच नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्यांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी निघाले. कारण प्रणाली आजाराचा नव्हे, उपचारांच्या खर्चाचा अंदाज बांधत होती. आजार तेवढाच असूनही ज्यांच्यावर कमी खर्च होत आला, ते तिच्या लेखी ठणठणीत! संशोधकांच्या हिशेबानुसार ही विषमता दूर केली, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो. मॉडेल तेच राहू दे, 'वाय'च्या जागी, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा त्याच्या जागी, काय ठेवलं ते बघ, असं मी मुलांना सांगते. हा धडा मला तरी मशीन लर्निंगच्या पेपरात कुणी शिकवला नव्हता.

माझंही सांगते. एका सर्वेक्षणाचा डेटा साफ करताना 'मासिक उत्पन्न' रिकामं असलेल्या ओळी मी बिनदिक्कत उडवल्या. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. महिन्याभराने मूळ अर्ज चाळले, तर त्यांतले बहुतेक रोजंदारीवरचे. त्यांना 'मासिक' हा शब्दच लागू होत नव्हता. तोवर अहवाल गेला होता.

तेव्हा विषयाचं नाव बघू नकोस, अभ्यासक्रमात गृहपाठ काय आहे ते बघ. नुसते निबंध आणि 'तत्त्वांवर चर्चा' असेल, तर सीनियर बरोबर आहेत, खुशाल मशीन लर्निंग घे. खरा डेटा हातात देऊन तो कुणी, कशासाठी, कुणाला विचारून गोळा केला हे शोधायला लावत असतील, तर घे. शिकवणारे दोघे असतील, एक संख्याशास्त्राचे आणि एक समाजशास्त्राचे, तर उत्तमच. त्यांची वर्गात जुंपते तेव्हाचं तर चुकवूच नकोस.

प्रश्न : आमच्याकडे असा विषयच नाही. स्वतःहून काय करता येईल?

उत्तर : वेगळा विषय हवाच असं नाही. हार्वर्डमध्ये २०१७ पासून संगणकशास्त्राच्या नेहमीच्या विषयांतच तत्त्वज्ञानाचे लोक येऊन नीतीचा भाग शिकवतात. तू पुढच्या प्रकल्पात डेटासेटचं माहितीपत्रक लिही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीवर काम करणाऱ्या संशोधक टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही कल्पना 'डेटाशीट' या नावाने मांडली. डेटा का गोळा केला, कुणी पैसे दिले, कोण सुटलं (कुणाची नोंदच राहून गेली), संमती घेतली का, कशासाठी वापरू नये, एवढं लिहायचं. 'कोण सुटलं' यापाशी अडशील. तिथे डेटा गोळा करणाऱ्याला सरळ फोन लाव.