आमच्या गल्लीत सहायक निवास येतोय: नियोजन सुनावणीत काय विचारावं?

एकट्याने राहणं जमत नाही, पण रुग्णालयात राहण्याचीही गरज नाही, अशा ज्येष्ठांना औषधं, अंघोळ, उठणं-बसणं यांत मदत मिळते ते सहायक निवास. असा प्रस्ताव स्थानिक नियोजन समितीपुढे आला की माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. असे आराखडे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. या वेळच्या पत्रांतले पाच प्रश्न घेतो.

आमचा रस्ता अरुंद आहे. 60 खाटांची इमारत आली तर रहदारीचं काय होईल?

तिथे राहणाऱ्यांपैकी फार थोडे स्वतः गाडी चालवतात. गाड्या असतात त्या कर्मचाऱ्यांच्या, भेटायला येणाऱ्यांच्या, सामान आणणाऱ्यांच्या. अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेची आकडेवारी नियोजनात नेहमी वापरली जाते. तिच्यानुसार अशा निवासात एका खाटेमागे दिवसाला सुमारे 2.6 फेऱ्या होतात, म्हणजे येणं एक आणि जाणं एक असं वेगळं मोजून. कमी उंचीच्या इमारतीतल्या एका फ्लॅटमागे हाच आकडा साडेसहाच्या वर जातो. त्याच जागेवर 60 फ्लॅट उभे राहिले असते तर रहदारी दुपटीहून जास्त झाली असती.

खरी अडचण पाळी बदलताना होते. सकाळची माणसं आलेली असतात आणि रात्रीची अजून निघालेली नसतात, त्यामुळे अर्धा तास दोन्ही पाळ्यांच्या गाड्या एकाच आवारात असतात. वाहनतळाचा हिशेब त्या अर्ध्या तासाचा मागा. पाळ्यांच्या वेळा शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेवर येत असतील तर त्या बदलण्याची अट घालायला सांगा. ही मागणी सहसा मान्य होते.

रात्री आग लागली तर? अर्जदार म्हणतात, इमारत सगळ्या नियमांत बसते.

सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सुनावणीत तो सर्वांत कमी विचारला जातो.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात लिल-व्हेर्त या गावातल्या ज्येष्ठांच्या निवासाला 23 जानेवारी 2014 च्या मध्यरात्री आग लागली. इमारतीचे दोन भाग होते. 1997 च्या जुन्या भागात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते, नंतर बांधलेल्या भागात होते आणि मध्ये अग्निरोधक भिंत होती. जुना भाग जळून गेला, नवा उभा राहिला. 32 माणसं गेली. त्याआधी, 31 जानेवारी 2004 ला, स्कॉटलंडमधल्या रोझपार्क शुश्रूषागृहात 14 जण दगावले. तिथे आग एका कपाटातल्या विजेच्या वितरण फलकापाशी सुरू झाली. कर्मचारी आधी आग कुठे आहे ते शोधत राहिले, अग्निशमन दलाला फोन उशिरा गेला. खोल्यांची दारं उघडी होती, त्यांतून धूर आत शिरला.

अशा इमारतीत जिन्याने सगळ्यांना खाली आणायची योजना कागदावरच राहते. वॉकर धरून चालणाऱ्या आजींना रात्री तीन वाजता दोन मजले कोण उतरवणार? म्हणून प्रत्येक मजल्याचे धूर अडवणारे भाग पाडतात आणि माणसांना त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात सरकवतात. तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक खोलीत स्प्रिंकलर आहे का, धोक्याची घंटा वाजताच खोल्यांची दारं आपोआप बंद होतात का, आणि रात्रपाळीला किती माणसं किती रहिवाशांना हलवणार. तिसऱ्या प्रश्नाला अनेकदा उत्तरच नसतं. उत्तर येईपर्यंत मंजुरी देऊ नये, असं मी समितीला निःसंकोच सांगेन.

आमच्या घरांच्या किमती उतरतील, ही हरकत चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. समिती जमिनीचा वापर तपासते, बाजारभाव नाही. आवाज, सावली, खिडक्यांतून घरात डोकावणारी नजर, स्वयंपाकघराच्या धुराड्याची दिशा, जनरेटर चाचणीची वेळ यांवर लिहा. त्यांची दखल घ्यावीच लागते.

प्रस्तावित जागा गावाबाहेर, हमरस्त्यालगत आहे. आई तिथे राहील अशी आशा आहे. पाठिंबा द्यावा का?

आधी रिकामी व्हीलचेअर घेऊन त्या फाटकापासून सर्वांत जवळच्या बसथांब्यापर्यंत जाऊन या. एका प्रस्तावाच्या वेळी मी हे केलं होतं. आवारातला रॅम्प अगदी नियमाप्रमाणे, एकास बाराच्या उताराचा, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबीचा होता. फाटकाबाहेर मात्र 15 सेंटिमीटरची कडा होती आणि ती उतरायला काहीच नव्हतं. पुढची चाकं हवेत लटकली आणि मी खुर्ची मागे ओढली. एवढ्याशा उंचीला त्याच प्रमाणात 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो, आणि तो सार्वजनिक पदपथावर असल्याने अर्जदाराच्या नकाशात आलाच नव्हता. तिथे राहणाऱ्यांचं जग फाटकापाशी संपलं असतं.

स्मृतिभ्रंशाच्या रहिवाशांसाठी वेगळा विभाग असेल तर फिरण्याची वाट कशी आखली आहे ते तपासा. ती बंद दारापाशी संपू नये, वळून पुन्हा सुरुवातीला यावी. नेदरलँड्समधल्या वेस्प इथल्या होखेवेक या वस्तीत घरांच्या मागच्या भिंतींनीच कुंपणाचं काम केलं आहे. आत रस्ते, दुकान, नाट्यगृह आहे, माणसं मोकळी फिरतात. तेवढं सगळं प्रत्येकाला जमणार नाही, पण वळून परत येणारी वाट लहान अंगणातही बसते. बसथांबा आणि वाट, दोन्हींची सोय लेखी अट म्हणून होत असेल तर जरूर पाठिंबा द्या. आणि सुनावणीला स्वतः जा. तिथे हरकत घेणारेच येतात, ज्यांना ही जागा हवी आहे ते घरी राहतात.

मंजुरी मिळाली. आता आमचं काम संपलं का?

मंजुरीपत्रातल्या अटींची प्रत मिळवा. कोणती अट बांधकामाआधी पुरी करायची आणि कोणती रहिवासी येण्याआधी, हे त्यात लिहिलेलं असतं. मग सुधारित नकाशे आले की तेही पाहा, कारण खर्च वाचवताना पहिली कात्री लिफ्टला लागते. 1.1 मीटर रुंद आणि 1.4 मीटर खोल लिफ्टमध्ये व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस मावतो. आडवं स्ट्रेचर न्यायचं तर लिफ्ट 2.1 मीटरच्या आसपास खोल हवी. नकाशावर पट्टी ठेवून मोजा.