कळा औषधाने आणायच्या असतील, तर एपिड्युरल केव्हा घ्यावे?

प्रश्न : माझे वय २९ वर्षे असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. त्यासाठी मी माहेरी, इंदूरला आले आहे. रक्तदाब वाढू लागल्यामुळे ३७ आठवडे पूर्ण होताच दाखल करून औषधाने कळा आणायच्या, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यापाशी सुईने बारीक नळी बसवून तिच्यातून कळा बधिर करणारे औषध, घेण्याची माझी इच्छा आहे. पण वहिनी म्हणते की, पिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबावे, नाहीतर कळा मंदावतात आणि सिझेरियन करावे लागते. मैत्रिणीचे म्हणणे आहे की, दाखल झाल्याबरोबरच मागून घ्यावे. पाठीत सुई घेतली की कंबर जन्मभर दुखते, अशी आईला भीती वाटते. आमच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ कायम नसतात, त्यांना फोन करून बोलवावे लागते. शिवाय मला ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू होती. मी नेमके काय करावे?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : वहिनींनी सांगितलेली चार सेंटिमीटरची अट पूर्वी अनेक प्रसूतिगृहांत खरोखरच पाळली जात असे. त्या काळी एपिड्युरलमधून बधिरतेचे औषध बऱ्याच तीव्र मात्रेत दिले जाई, पाय जड पडत, जोर लावण्याची भावना नाहीशी होई आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ अधिक वेळा येई. आता हेच औषध अगदी सौम्य करून, फेंटानिल या प्रभावी वेदनाशामकाच्या जोडीने दिले जाते. पहिलटकरणींना कण्यातून वेदनाशामक औषध लवकर दिल्यास काय होते, हे तपासणारे दोन अभ्यास अमेरिकेत २००५ आणि २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दुसऱ्यातील सर्व स्त्रियांच्या कळा तुमच्याप्रमाणे औषधानेच आणलेल्या होत्या. दोन्हींमध्ये लवकर औषध दिल्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. त्यामुळे केवळ आकडा गाठण्यासाठी तुम्ही कळा सोसत बसावे, असे मी सुचवणार नाही. बाळ बाहेर येण्याचा टप्पा मात्र एपिड्युरलमुळे काहीसा लांबतो, हे मान्य केले पाहिजे.

तरीही दाखल होताच सुई टोचून घेण्याची सहसा गरज नसते. औषधाने कळा आणताना सुरुवातीला पिशवीचे तोंड मऊ करण्यासाठी जेल, गोळी किंवा फुगा वापरतात आणि पहिलटकरणीच्या बाबतीत या टप्प्यातच बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. या वेळी पोटात पाळीसारखे दुखते, पण बहुतेकींना उठता-बसता येते, गरम पाण्याने अंघोळ करता येते, मधूनमधून झोपही लागते. ही झोप पुढे फार उपयोगी पडते. चित्र पालटते ते पाणमोट फोडून ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाची, सलाइन सुरू झाल्यावर. आपोआप सुरू झालेल्या कळा हळूहळू चढत जातात आणि शरीराला त्यांची सवय होण्यास वेळ मिळतो. सलाइनच्या कळा अनेकदा तासा-दोन तासांतच जोर धरतात. म्हणून सलाइन लागताच सावध व्हावे आणि कळ आली असता बोलता बोलता थांबावे लागते, कळ ओसरल्यावरही पुढच्या कळेची धास्ती वाटते, अशी अवस्था आली की लगेच एपिड्युरल मागावे. त्या वेळी तोंड तीन सेंटिमीटर उघडलेले असो वा पाच.

तुमच्या बाबतीत याहूनही थोडे आधी मागण्यास सबळ कारण आहे, आणि ते म्हणजे रक्तदाब. हा त्रास वाढत गेल्यास काही स्त्रियांच्या रक्तातील प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, कमी होऊ लागतात. त्या एक लाखाहून अधिक असतील तर सहसा अडचण येत नाही. परंतु सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली गेल्यास मणक्यापाशी रक्त साचण्याच्या धोक्यामुळे बहुतेक भूलतज्ज्ञ सुई टोचणे टाळतात. आकड्याइतकाच त्याचा कलही महत्त्वाचा असतो. त्यामुळे दाखल होताना ही तपासणी झालीच पाहिजे आणि प्लेटलेट्स घसरत असल्यास नळी वेळीच बसवून घेण्याचा विचार भूलतज्ज्ञ स्वतःच करतात. वेदना शमल्या की रक्तदाबाची उसळीही आटोक्यात राहते आणि आयत्या वेळी सिझेरियन करावे लागले, तर बहुतेक वेळा त्याच नळीतून अधिक औषध देऊन संपूर्ण भूल टाळता येते. ॲस्पिरिनच्या लहान मात्रेमुळे एपिड्युरल नाकारले जात नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू असतील तर गोष्ट वेगळी. शेवटच्या इंजेक्शननंतर मात्रेनुसार बारा किंवा चोवीस तास जावे लागतात, म्हणून तशी कोणतीही औषधे सुरू असतील तर ती आवर्जून सांगावीत.

भूलतज्ज्ञांना बाहेरून बोलवावे लागणे, हा तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा आहे. फोन केल्यापासून आराम पडेपर्यंतच्या वेळात त्यांचा प्रवास, नळी बसवण्याची पंधरा-वीस मिनिटे आणि औषध लागू पडण्याची आणखी पंधरा-वीस मिनिटे येतात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या शस्त्रक्रियेत गुंतलेले असतील, तर ही वेळ सहज दुप्पट होते. म्हणून दाखल होण्यापूर्वीच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : रात्री कोण येणार, नळी बसवल्यानंतर औषधाची पुढची मात्रा कोण देणार, आणि सुरुवातीच्या वीस मिनिटांत दर पाच मिनिटांनी रक्तदाब व सोबत बाळाचे ठोके कोण पाहणार. उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर तुमचा रक्तदाब लक्षात घेता चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात प्रसूती करण्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. जागेवर भूलतज्ज्ञ नसतील, तर सलाइन सुरू होतानाच त्यांना पूर्वसूचना देण्यास सांगावे.

प्रत्यक्ष सुई टोचताना खाटेच्या कडेला बसून उशी कवटाळायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि पाठ बाहेरच्या बाजूला गोल करायची. समोर परिचारिका खांदे धरून उभी असते. पाठीवर थंडगार औषध लावले जाते, बधिर करणारी बारीक सुई चुणचुणते आणि नंतर फक्त दाब जाणवतो. मधेच कळ येत असल्यास तसे सांगावे. ती ओसरेपर्यंत भूलतज्ज्ञ थांबतात. फार उशीर केल्यास नेमके हे स्थिर बसणेच अशक्य होऊन जाते.

यानंतर अंगाला खाज सुटणे, थोडा ताप येणे, लघवीसाठी नळी घालावी लागणे, रक्तदाब एकदम उतरणे हे घडू शकते आणि त्यावर उपायही असतात. काहींना एकाच बाजूला आराम पडतो; अशा वेळी सोसत न राहता लगेच सांगावे, कारण नळी थोडी मागे ओढून किंवा पुन्हा बसवून हा दोष दूर करता येतो. साधारण शंभरात एकीला मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला छिद्र पडल्यामुळे नंतर तीव्र डोकेदुखी होते. तीही उपचाराने बरी होते. मज्जातंतूंना कायमची इजा होणे अतिशय दुर्मीळ आहे.

आईंची भीती स्वाभाविक आहे, कारण बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या स्त्रिया त्यांनी आजूबाजूला पाहिलेल्याच असणार. एपिड्युरल न घेतलेल्या स्त्रियांचीही कंबर तितकीच दुखते. वाढलेले वजन, सैल झालेले सांधे आणि बाळाला पाजताना वाकून बसणे ही त्यामागची खरी कारणे असतात. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो, इतकेच. प्रसूतीनंतर नळी काढण्यापूर्वी मात्र तुमच्या प्लेटलेट्स पुन्हा तपासल्या आहेत ना, हे आईंनी किंवा वहिनींनी आठवणीने विचारावे.