काँक्रीट ‘मजबूत’ असूनही ‘ठिसूळ’ असू शकतं का?

वडोदऱ्याहून एका वाचकाने विचारलं आहे. मकरपुऱ्यातल्या एका प्रीकास्ट (काँक्रीटचे भाग आधीच साच्यात ओतून तयार करणाऱ्या) कारखान्यासाठी ते अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटचं मराठी आणि गुजराती माहितीपत्रक तयार करत आहेत. त्यातलं ‘हे काँक्रीट अतिशय मजबूत पण ठिसूळ आहे’ हे वाक्य तपासणाऱ्याने विसंगत म्हणून खोडलं. कारागीर अशा काँक्रीटला ‘बरड’ म्हणतात, तो शब्द मराठीत चालेल का? ‘टफनेस’ला चिवटपणा म्हणावं की कणखरपणा? आणि स्फोटाने किंवा जोरदार आघाताने भिंतीचे तुकडे उडतात, त्या ‘स्पॉलिंग’ला काय म्हणावं?

वाक्य विसंगत नाही, खोडायला नको होतं. पण ते अपुरं आहे. असं काँक्रीट ठिसूळ असतं ते पोलादी तंतू घातले नसतील तर, आणि हे पत्रकात यायलाच हवं.

घोळ ‘मजबूत’ या शब्दाचा आहे. किती भार पेलतं, किती ओरखडा सोसतं आणि तुटण्याआधी किती ऊर्जा पचवतं, हे तीन वेगळे गुण आपण बोलताना त्या एकाच शब्दात गुंडाळतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. तांत्रिक लिखाणात मात्र पहिल्याला ताकद, दुसऱ्याला टणकपणा आणि तिसऱ्याला चिवटपणा म्हणावं, आणि ‘मजबूत’ जाहिरातीसाठी सोडून द्यावा.

काँक्रीटच्या एम-25, एम-60 या प्रतींतला आकडा फक्त दाब सोसण्याच्या ताकदीचा आहे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. 150 मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, 28 दिवस पाण्यात मुरवून दाबयंत्रात फोडतात. आयएस 516 या भारतीय मानकाप्रमाणे दाब मिनिटाला साधारण 14 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या गतीने वाढवायचा असतो, म्हणजे एम-25 चा क्यूब फुटायला दोनेक मिनिटं लागतात. स्फोटाच्या दाबाचा सगळा खेळ काही मिलिसेकंदांत आटपतो. दोन मिनिटांच्या संथ दाबातून आलेला आकडा त्या क्षणाबद्दल फारसं काही सांगत नाही.

शिवाय दाब सोसण्याची ताकद वाढली म्हणून ताण सोसण्याची ताकद त्याच पटीत वाढत नाही. काँक्रीटच्या बांधकामाच्या आयएस 456 या मानकातलं वाकताना येणाऱ्या ताणाचं सूत्र 0.7 गुणिले क्यूबच्या ताकदीचं वर्गमूळ असं आहे. एम-25 ला ते 3.5 येतं. हेच सूत्र ढोबळपणे एम-100 ला लावलं तर 7. म्हणजे दाबाची ताकद चौपट झाली, ताणाची जेमतेम दुप्पट. काँक्रीट आघाताने फुटतं ते बहुतेक वेळा ताणात, आणि ही बाजू मागेच राहिलेली असते.

फुटलेला तुकडा हातात घेतला तरी फरक दिसतो. एम-20, एम-25 ची फुटलेली बाजू खडबडीत असते. चीर कपचीला, म्हणजे खडीला, वळसा घालून सिमेंटच्या लगद्यातून गेलेली असते, त्यामुळे कपचीचे उंचवटे वर आलेले असतात आणि त्या निघून आल्याचे खळगे समोरच्या तुकड्यात दिसतात. एम-80 च्या तुकड्यात कपचीच मधून चिरलेली असते आणि बाजू बरीच सपाट असते. लगदा कपचीच्या तोडीचा झाला, त्यामुळे चिरेला वळसा घ्यायचं कारण उरलं नाही. वळसे घेण्यात खर्च होणारी ऊर्जा वाचली, म्हणून चीर सुसाट जाते. यंत्रातही असा क्यूब हळूहळू न चिरता एकदम मोठा आवाज करून फुटतो. यंत्राला जाळी लावतात ती याचसाठी.

या वागण्याला मराठीत ‘ठिसूळ’ हा नेमका शब्द आहे. अडचण एवढीच की ठिसूळ म्हटलं की आपल्या मनात ‘कमजोर’ही येतं, कारण ठिसूळ हाडं, ठिसूळ दगड अशा ठिकाणी दोन्ही अवगुण एकत्र भेटतात. काच ठिसूळ असते, पण टणकही असते. शब्दाचा खरा अर्थ ‘न वाकता, न ताणता, एकदम तुटणारं’ एवढाच आहे. पत्रकात पहिल्यांदा वापरताना हा अर्थ अर्ध्या ओळीत द्यावा, म्हणजे तपासणाऱ्याची शंकाही राहणार नाही.

‘बरड’ गुजरातीत अगदी बरोबर आहे, तिथे त्याचा अर्थ ठिसूळ असाच होतो. मराठीत मात्र बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड, पीक न देणारी जमीन. वडोदऱ्याच्या मराठी घरांत रेती, कपची हे शब्द सर्रास चालतात आणि पत्रकात तेच असावेत, पण ‘बरड’ गुजराती पानावरच राहू द्या.

‘चिवट’चा पेच याच्या उलट आहे. मराठीत चिवट म्हणजे ओढलं, वाकवलं, ठोकलं तरी सहजी न तुटणारं. गुजरातीत ‘चीवट’ म्हणजे काळजी, बारकाई. ‘चिवटपणे बनवलेलं काँक्रीट’ असं कुणी लिहिलं तर गुजराती वाचक ते काळजीपूर्वक बनवलेलं असंच समजेल. तेव्हा दोन्ही पानं एकमेकांवरून शब्दशः उतरवू नयेत. मराठी पानावर मात्र चिवटपणाच हवा. कणखर हा माणसाच्या स्वभावाचा, कड्याचा, आवाजाचा शब्द आहे. त्यात न झुकणं आहे, आणि चिवट वस्तू तर थोडी झुकूनच टिकते. शाळेच्या पुस्तकातली ‘तन्यता’ धातूची तार काढण्यासाठी ठीक आहे, इथे नको. 1890 साली वडोदऱ्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली तेव्हा कारागिरांना त्यांच्या भाषेत तंत्र शिकवावं ही त्रिभुवनदास गज्जरांची धडपड होती. बोलीतला खणखणीत शब्द हाताशी असताना तो वापरण्याला या गावात जुना आधार आहे.

आता चिवटपणा येतो कुठून ते पत्रकात नेमकं लिहा. अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये कपची बहुधा नसतेच. बारीक क्वार्ट्झ रेती, घनमीटरला 700 ते 1000 किलो सिमेंट, सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड), भरपूर सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण वाहतं ठेवणारं रसायन), आणि पाणी सिमेंट व फ्यूमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात साधारण 13 मिलिमीटर लांब आणि 0.2 मिलिमीटर जाड पोलादी तंतू घालतात. ‘दोन टक्के तंतू’ असं लिहाल तेव्हा ‘आकारमानाने’ हा शब्द विसरू नका. आकारमानाने दोन टक्के म्हणजे घनमीटरला 157 किलो पोलाद. वजनाने दोन टक्के धरले तर पन्नास किलोच पडतात आणि सगळा हेतू फसतो.

चीर उघडू लागली की हे तंतू तिच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि घासत घासत उपसले जातात. ऊर्जा खर्च होते ती या उपसण्यात. म्हणून तंतू ‘तुटतात’ असं लिहू नका. ते तुटले तर काम बिघडलं, ते ‘उपसले’ जायला हवेत. साध्या काँक्रीटचा एक चौरस मीटर चिरायला शंभर-दीडशे ज्यूल पुरतात, तंतू घातलेल्या या काँक्रीटला वीस हजारांच्या पुढे लागतात. ताकद पाच-सहा पट, चिवटपणा शंभर पटींहून जास्त.

हे साध्या चाचणीतही दिसतं. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या 544 क्रमांकाच्या समितीने दिलेल्या पद्धतीत दीडशे मिलिमीटर व्यासाच्या, 63.5 मिलिमीटर जाड चकतीवर पोलादी गोळा ठेवतात आणि त्यावर 4.54 किलोचा हातोडा 457 मिलिमीटरवरून सोडतात. दर घावाला सुमारे 20 ज्यूल. पहिली चीर कितव्या घावाला पडली आणि चकती कितव्या घावाला फुटली, हे दोन आकडे नोंदवायचे. तंतू नसतील तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. तंतू असतील तर दोहोंत मोठं अंतर पडतं, आणि ते अंतरच चिवटपणा सांगतं. निकालांत फार फरक पडतो, तेव्हा एका चकतीवर भरवसा नको.

तंतू घालूनही काम फसतं ते ओतकामात. मिक्सरमध्ये एकदम ओतले की गोळे होतात, म्हणून मिश्रण पातळ झाल्यावर चाळणीतून थोडे थोडे सोडतात. सुईचा व्हायब्रेटर घातला तर ते खाली बसतात किंवा सुईभोवती पोकळी होते. साच्यात मिश्रण ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने तंतू आडवे होतात आणि दोन ओतांच्या सांध्यातून आरपार जातच नाहीत. आघातात चीर नेमकी त्या सांध्यावर पडते.

‘जोरात मारलं की काँक्रीट आणखी मजबूत होतं’ असंही छापलेलं दिसतं. ते ‘वेगवान भाराखाली मोजलेली ताकद जास्त भरते’ असं लिहावं. चिरेला कमजोर वाट शोधायला वेळ मिळत नाही, छिद्रांतलं पाणी विरोध करतं आणि वस्तुमानाचं जडत्वही त्यात मिसळतं. साध्या काँक्रीटमध्ये ही वाढ फार मोठी असू शकते. अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये छिद्रं आणि पाणी दोन्ही कमी, त्यामुळे वाढीचं प्रमाणही कमी.

राहिलं स्पॉलिंग. मराठीत एका शब्दाचा हट्ट नको, कारण इंग्रजीतही त्यात गोंधळ आहे. सळई गंजून फुगते आणि वरचं आवरण महिनोन्‌महिने सुटत जातं, त्याला ‘पोपडे’. आदळणाऱ्या वस्तूसमोरच्या बाजूचे उडतात ते ‘टवके’. मागच्या बाजूने सुटते ती ‘खपली’. खपली सुटायला भिंत आरपार भेदली जावीच लागत नाही. दाबाची लाट काँक्रीटमधून सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. 20 सेंटिमीटरची भिंत ती 50 मायक्रोसेकंदांत ओलांडते, मागच्या मोकळ्या पृष्ठावरून ताणाची लाट होऊन परतते आणि आतून थर सोलून काढते. आत उभ्या माणसाला धोका त्या उडणाऱ्या खपलीचा. तंतू तिला पुष्कळ धरून ठेवतात. आघातशास्त्रात मागच्या खपलीला स्कॅबिंग म्हणतात, स्फोटावरच्या लिखाणात तीच स्पॉलिंग होते. त्यामुळे इंग्रजी शब्द कुठलाही असो, मराठीत ‘समोरचे टवके’, ‘मागची खपली’ असं बाजूसकट लिहा.

आगीत काँक्रीटचे तुकडे उडतात त्यालाही स्पॉलिंगच म्हणतात, पण तिथे आघात नसतो. दाट काँक्रीटमधली वाफ कोंडते आणि पृष्ठभाग फोडून बाहेर येते. त्याला ‘वाफेने फुटणं’ म्हणावं. त्यावर घनमीटरला दोनेक किलो पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घालतात. ते 160-170 अंशांच्या आसपास वितळतात आणि वाफेला वाट होते. एकट्या पोलादी तंतूंच्या भरवशावर हे सोडता येत नाही, म्हणून पत्रकात दोन्ही तंतूंची नावं वेगवेगळी छापा. नुसतं ‘फायबर’ लिहिलं तर मागवणारा एकच काहीतरी मागवेल.