संगीत नाटक पडद्यावर जाताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगीत नाटकांवरून निघालेल्या अलीकडच्या मराठी चित्रपटांविषयी आमच्याकडे बरीच पत्रे जमली आहेत. बहुतेक पत्रांचा रोख ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘संगीत मानापमान’ (२०२५) या दोन चित्रपटांवर आहे. दोन्हींचे दिग्दर्शक सुबोध भावे आणि दोन्हींना संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे, त्यामुळे तुलना होणे साहजिकच आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकात पन्नासच्या आसपास पदे, म्हणजे पात्रांनी गायची गाणी, आहेत. त्यांतील मोजकीच चित्रपटात आली आणि बाकीच्या जागी नवी गाणी घातली गेली. आमच्या घरात तीन पिढ्या ही पदे म्हटली जातात. हा मूळ नाटकाचा अवमान नव्हे काय? (एक वाचक, मिरज)

पदे गाळली गेली याला मी अवमान म्हणणार नाही, कारण रंगभूमीनेही ती कधीपासूनच गाळलेली आहेत. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला तेव्हाचा प्रेक्षक रात्रभर बसण्याच्या तयारीने येत असे. पुढे शेवटची लोकल आणि नाट्यगृहाची ठरलेली वेळ आडवी आली, तशी पदे कमी होत गेली. साधा हिशेब करून पाहा. प्रत्येक पद अगदी आवरून पाच मिनिटांत म्हटले तरी पन्नास पदांना चार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि त्यात गद्याचा एक शब्दही धरलेला नाही.

पदे किती राहिली यापेक्षा, जी राहिली ती पडद्यावर कोणते काम करतात, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. लहानपणी एका तालुक्याच्या गावी मला विंगेत ऑर्गनशेजारच्या स्टुलावर बसून प्रयोग पाहायला मिळाला होता. नटी संवादाचे शेवटचे वाक्य म्हणत असतानाच ऑर्गनवाल्याने पायांनी भाता भरायला सुरुवात केली, सूर दिला, आणि ती दोन पावले पुढे येऊन थेट प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. तिचा नायक तिच्या मागे, हात कोठे ठेवावेत हे न सुचून, तसाच ताटकळत राहिला. पुढची दहा-बारा मिनिटे कथानक जागच्या जागी थांबले होते आणि कोणाचीही त्याला हरकत नव्हती. तबलजीची नजर तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर होती. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती आली की मागच्या बाकांवरून दाद येई, ‘वन्स मोअर’ झाला की पुन्हा तीच ओळ, पण निराळ्या वाटेने. संगीत नाटकातील पद म्हणजे नाटकाच्या आत भरलेली लहानशी मैफल असते, आणि त्या वेळेपुरती ती नायिका आणि ती गायिका या दोन्ही भूमिका प्रेक्षक एकाच व्यक्तीत मान्य करतो.

कॅमेऱ्याला हा करार मान्य नसतो. ‘नाही मी बोलत नाथा’ हे ‘मानापमान’ची नायिका भामिनी हिचे पद घ्या. बोलणार नाही असे सांगत ती सतत बोलत राहते, ही त्यातली गंमत. आणि ‘बोलत’ या शब्दावर प्रत्येक आवर्तनात रुसवा, लटका राग, मग हळूच मनधरणीची अपेक्षा असे रंग भरणे, हे गायिकेचे काम. रंगमंचावर विसाव्या रांगेतील प्रेक्षकाला चेहरा नीट दिसत नाही, म्हणून हे सारे गळ्यातूनच सांगावे लागते. पडद्यावर मात्र चाळीस फूट रुंद चेहरा पहिल्याच ओळीला रुसवा सांगून मोकळा होतो, आणि उरलेल्या आवर्तनांत कॅमेऱ्याने काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. मग दिग्दर्शक महाल दाखवतो, बाग दाखवतो, कारंजे दाखवतो. गाणे कानाला गोड लागते, पण ते पात्राचे राहत नाही. ‘मानापमान’चा चित्रपट मला अनेक ठिकाणी असाच देखणा आणि किंचित परका वाटला, आणि त्याचे कारण गाळलेली पदे हे नव्हते.

प्रश्न : मग ‘कट्यार’ इतका का भावला? त्यातही कथेची मोडतोड झाली, नवी गाणी आली. दोन्ही चित्रपटांना वेगवेगळा न्याय लावू नये. (एक वाचक, ठाणे)

न्याय एकच लावू, पण दोन नाटकांची जात वेगळी आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी १९६७ मध्ये ‘कट्यार’ लिहिले ते गवयांविषयी. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांचे घराण्यांचे वैर, दरबारातील गायनाची स्पर्धा, खाँसाहेबांच्या घरी ओळख लपवून विद्या मिळवू पाहणारा सदाशिव, या सर्वांना गाण्याचे कारण कथेतच मिळालेले आहे. ही माणसे गातात तेव्हा पटकथा थांबत नाही, ती पुढे सरकते. ‘मानापमान’चा नायक धैर्यधर हा सेनापती आणि भामिनी ही श्रीमंताची मुलगी. ती दोघे का गातात याचे उत्तर ‘संगीत नाटकात असेच असते’ एवढेच आहे, आणि सिनेमागृहात ते पुरत नाही.

‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाकडे बारकाईने पाहिले की हे ध्यानात येते. दारव्हेकरांचे शब्द तेच, पण पं. जितेंद्र अभिषेकी यांनी त्याला दोन चाली दिल्या : पंडितजींची संथ, शब्द जपत जाणारी सालगवराळी रागातील, आणि खाँसाहेबांची धानी रागातील, तानांनी उसळणारी. कोण कसा माणूस आहे, कोणत्या घरातून आला आहे आणि त्याला गाण्यातून काय हवे आहे, हे प्रेक्षकाला एकही संवाद न ऐकता कळते. असे पद चित्रपटात नेताना दिग्दर्शकाला कारंजे शोधावे लागत नाही. गाणारा आणि ऐकणारा एवढे दोन चेहरे दाखवले की पुरते, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असूया उमटते आणि पुढचे नाटक तिच्यातूनच घडते.

मोडतोडीविषयी बोलायचे तर चित्रपटाने दोन गवयांमधील आधीचा स्नेह आणि दसऱ्याच्या दिवसाची स्पर्धा सविस्तर दाखवली आणि निवेदन चक्क कट्यारीच्याच तोंडी दिले. नाटकातील कविराज बांकेबिहारी या पात्राच्या गद्याची खुमारी त्यात बरीच उणावली, हे मला खटकले. परंतु भावे यांनी चित्रपटापूर्वी काही वर्षे हेच नाटक रंगमंचावर पुन्हा बसवले होते, आणि प्रेक्षक नेमका कोठे श्वास रोखतो हे त्यांना प्रयोगांतून ठाऊक झाले होते, असे चित्रपट पाहताना जाणवत राहते. नव्या गाण्यांपैकी ‘अरुणी किरणी’ने महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, तेही गुरू-शिष्याच्या नात्यातून उगवलेले गाणे आहे, वरून चिकटवलेले नाही.

प्रश्न : पूर्वी नट स्वतः गात. आता एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा गळा. हे संगीत नाटकाच्या मुळावरच येत नाही का? (एक वाचक, पणजी)

येते, आणि आपली हळहळ मला समजते. ‘कट्यार’ नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहत तेव्हा तान कोठे संपेल हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसे. ते अनिश्चितपण प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणून बसवीत असे. चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगावकर साकारतात आणि आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. ध्वनिमुद्रण आधी झालेले, तान ठरलेली, ओठ तिच्याशी जुळवायचे. नटाने जबडा, गळ्याच्या शिरा, श्वास घेण्याची जागा यांचा अभ्यास केला तर फसवणूक खपते, नाहीतर पहिल्या मुरकीलाच उघडी पडते. शंकर महादेवन यांनी पंडितजींची भूमिका करून आपलाच आवाज वापरला आहे आणि अभिनयाचा अनुभव नसतानाही गातानाची त्यांची बसकण, तंबोऱ्याकडे किंचित कललेली मान खरी वाटते.

तरीही केवळ गायक-नट आणला की काम झाले, असे समजू नये. बालगंधर्वांचेच उदाहरण पाहा. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले आणि १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना मीरा झाले. रंगमंचावर ज्यांच्या शालूचे अनुकरण घरोघरी होई, त्यांची स्त्रीभूमिका कॅमेऱ्यापुढे टिकली नाही. आवाज तोच होता. प्रेक्षक आणि नट यांमधले अंतर नाहीसे झाले होते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील मुलांना एका जुन्या संगीत नाटकावर छोटा चित्रपट करायचा आहे. परवानगी लागते का? जुनी पदे म्हणजे सर्वांचीच, असे काहीजण सांगतात. (एक शिक्षक, कोल्हापूर)

सांगणाऱ्यांवर विसंबून कॅमेरा भाड्याने आणू नका. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो, आणि पदाचे शब्द व त्याची चाल या दोन स्वतंत्र कृती मानल्या जातात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे ‘मानापमान’चे शब्द २००८ अखेर खुले झाले, पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेरपर्यंत बांधलेल्या होत्या. ‘कट्यार’ मात्र हात लावण्यासारखे नाही : अभिषेकीबुवा १९९८ मध्ये आणि दारव्हेकर १९९९ मध्ये गेले, त्यामुळे वारसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक ओळही वापरता येणार नाही. ध्वनिमुद्रिकेचा हक्क पुन्हा वेगळा आणि तोही प्रकाशनापासून साठ वर्षांचा. म्हणजे पद खुले असले तरी कालपरवा कोणी नव्याने गाऊन प्रसिद्ध केलेली त्याची आवृत्ती उचलून वापरता येत नाही. मुलांना स्वतःच गाऊ द्या, त्यातच त्यांचे हित आहे.

शिवाय कृतीचा विपर्यास होऊन लेखकाच्या लौकिकाला बाध येत असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूदही कायद्यात आहे, हे पटकथा लिहिणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवावे. शंका उरली तर एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवून घ्या. त्याची फी पुढच्या कटकटीपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : चाल बदलणे तरी निषिद्ध असावे ना? टेंब्यांच्या चालींना हात लावण्याचा अधिकार आजच्या संगीतकारांना कोणी दिला? (एक वाचक, पुणे)

दीनानाथ मंगेशकरांना कोणी दिला होता? धैर्यधराची पदे त्यांनी स्वतःच्या ढंगाने, स्वतःच्या आक्रमक तानांनी अशी काही गायली की आज ‘चंद्रिका ही जणू’ म्हटले की कित्येकांच्या कानांत त्यांचेच गाणे वाजते. टेंब्यांनीही ठुमरी-कजरीच्या चालींवरून कितीतरी पदे बांधली होती. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये मुंबईत दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवराव भोसले आणि बालगंधर्व समोरासमोर उभे राहिले, तेव्हा लोक दोन गळ्यांच्या दोन वाटा ऐकायला आले होते. माझी तक्रार चाल बदलण्याविषयी नाही. गाण्यात तीस व्हायोलिने आणि ढोल एकदम कोसळतात तेव्हा पदाचे शब्द त्यांच्याखाली दबतात, आणि खाडिलकरांचे समासयुक्त शब्द आधीच आजच्या कानाला अवघड. ते ऐकूच आले नाहीत तर पद ठेवून उपयोग काय?

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला आधी नाटक दाखवावे की चित्रपट? (एक वाचक, नाशिक)

आधी ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली घरी ऐकवा आणि कोणता माणूस रागीट वाटतो ते त्यालाच विचारा. मग ‘कट्यार’ चित्रपट दाखवा. त्यानंतर जवळपास एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर ऑर्गन ज्या बाजूला असेल त्या बाजूची, पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील तिकिटे काढा, म्हणजे त्याला वाजवणाऱ्याचे पाय दिसतील.